सी मॉस जेल घरी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबा डाळ आणि पन्ह्याबरोबर मी काचेच्या वाट्यांतून दुधातलं सी मॉस जेल ठेवलं होतं. खरवस म्हणून बायकांनी खाल्लं, मग कळल्यावर निम्म्यांनी नाकं मुरडली आणि उरलेल्या निम्म्यांनी कृती मागितली. तेव्हापासून फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथं फक्त क्रमांक दिला आहे.

१. सी मॉस म्हणजे शेवाळच ना? मग ते खायचं कसं?

शेवाळच, पण विहिरीच्या पायरीवरचं नव्हे. समुद्रात खडकाला धरून वाढणारं हे लाल शैवाल. त्याच्या पेशींच्या भिंतींत कॅराजीनन नावाचा चिकट पदार्थ असतो. गरम पाण्यात तो सुटतो आणि गार झाला की धरतो, म्हणून जेल होतं. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे लोक हे दुधात उकळून पूर्वापार खातात. 'कॅराजीनन' हा शब्दही तिकडचाच, 'छोटा खडक' या आयरिश शब्दावरून आलेला. कॅरिबियन बेटांवर त्यात दूध, जायफळ, दालचिनी घालून पितात. आपल्याकडे डिंक, अळीव, सब्जा आहेच, त्या पंगतीत आणखी एक पाहुणा आला असं समजा.

२. पाकिटावर 'आयरिश मॉस' लिहिलंय. ते खरंच आयर्लंडचं असतं का?

बहुतेक वेळा नाही. खरं आयरिश मॉस म्हणजे कॉन्ड्रस क्रिस्पस. ते उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात वाढतं आणि चपटं, टोकाला पंख्यासारखं फाटलेलं असतं. 'गोल्डन सी मॉस' म्हणून विकतात ते सहसा उष्ण समुद्रातलं युकेमा किंवा कप्पाफायकस. त्याच्या फांद्या गोल, जाड, आल्याच्या कोंबासारख्या. तिसरं ग्रॅसिलारिया, शेवयांसारखं बारीक दोरेदार. कप्पाफायकसची शेती आपल्या देशातही होते. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर बायका ते वाढवतात.

खायला तिन्ही चालतात, पण जेल वेगवेगळं होतं. आपण कुठलं आणलंय ते ओळखून ठेवलं तर ९ व्या प्रश्नातली निम्मी डोकेदुखी वाचते.

३. मग चायना ग्रास काय वाईट? लक्ष्मीपुरीत सहज मिळतं.

काहीच वाईट नाही. फक्त दुधाची वडी पाडायची असेल तर मी स्वतः चायना ग्रासच वापरते. तेही समुद्री शैवालापासूनच होतं, पण त्यात कॅराजीनन नसून अगार असतं. अगार विरघळायला पाणी चांगलं उकळावं लागतं आणि ते कोल्हापूरच्या मे महिन्यातसुद्धा फ्रीजबाहेर धरतं. त्याची वडी सुरीने कापावी अशी कडक, तर सी मॉसचं जेल लुसलुशीत, चमच्याने उचलण्याजोगं. शिवाय चायना ग्रास हा काढलेला, गाळलेला, वाळवलेला अर्क आहे. सी मॉस जेलमध्ये अख्खं शैवाल असतं, म्हणून त्यातलं चांगलं आणि वाईट दोन्ही पोटात जातं.

४. घेताना काय बघायचं?

गावात मी विचारलं तेव्हा एका दुकानदाराने मला मत्स्यालयात घालायचं शेवाळ दाखवलं. त्यामुळे मी ऑनलाइनच मागवते. पाकिटावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, शैवालाचं पूर्ण नाव आणि ते कुठल्या समुद्रातलं हे तिन्ही हवं. जड धातूंची तपासणी केल्याचा अहवाल विक्रेता मागितल्यावर देत असेल तर उत्तमच, कारण शैवाल ज्या पाण्यात वाढतं त्यातलं आर्सेनिक, शिसं, कॅडमियम ओढून घेतं. मिठाचा जाड थर असेल तर तुम्ही मिठाचेही पैसे मोजताय. ओलसर, बुरशीचा वास येणारं घेऊ नका. रंगावर जाऊ नका. उन्हात वाळवताना जांभळं शैवाल फिकं पडून सोनेरी होतं. म्हणून 'सोनेरी म्हणजे जास्त पौष्टिक' ही निव्वळ जाहिरात.

५. दर दोन महिन्यांनी मालवणला जातो. तिथल्या खडकावरचं काढून आणलं तर फुकटात काम होईल की!

नको. आपल्या कोकणच्या कोमट पाण्यात आयरिश मॉस उगवत नाही. तिथं दुसरी शेवाळं भरपूर आहेत, पण कुठलं कुठलं हे ओळखणं तज्ज्ञाचं काम. बंदराजवळ बोटींचं तेल आणि गावाचं सांडपाणी असतं. शिवाय मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथलं काही उचलायचं नसतं. गगनबावड्याचा घाट उतरून जाताय तर सुरमई खा आणि परत या.

आणि हो, एकाने खरंच विचारलं म्हणून सांगते, रंकाळ्याचं शेवाळ तर बिलकूल नाही. ते गोड्या पाण्यातलं, त्याचं जेल होत नाही. साचलेल्या पाण्यातल्या निळसर-हिरव्या थरात तर विषारी द्रव्यंही असू शकतात.

६. साफ कसं करायचं आणि किती तास भिजवायचं?

आधी कोरडंच ताटात पसरून निवडा, तांदूळ निवडतो तसं. बारीक शिंपले, वाळू, दोऱ्याचे तुकडे, प्लॅस्टिक, काय काय निघतं. मग नळाखाली चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवा. नंतर भरपूर पाण्यात बुडवून १२ ते १८ तास ठेवा. फुगून दुप्पट-तिप्पट होतं, पांढरट आणि नितळ दिसायला लागतं. मधे दोनदा पाणी बदला.

इथं एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत. ते थंड देशात ओट्यावर भिजवतात. आपल्याकडे मार्च ते जून ओट्यावर ठेवलं तर रात्रीतून पाणी फेसाळतं आणि आंबूस वास येतो. उन्हाळ्यात पहिले दोन तास बाहेर आणि पुढे भांडं फ्रीजमध्ये. थंडीच्या दिवसांत बाहेर चालेल.

भिजवलेलं पाणी फेकून द्या. 'सगळं सत्त्व त्या पाण्यात असतं' असं कुणी सांगेल. त्यात मीठ, वाळू आणि सुटलेलं थोडं आयोडीन असतं. ते गेलेलंच बरं (१५ पाहा).

७. ताई, मापासकट कृती सांगा. 'अंदाजे' म्हणू नका.

बरं. वाळलेलं सी मॉस ३० ग्रॅम, पाणी ३५० मिली, अर्ध्या लिंबाचा रस. एवढ्यात जॅमच्या बरणीएवढं जेल होतं. पहिल्या वेळी यापेक्षा जास्त करू नका, घरात कुणाला आवडेल याची खात्री नसते.

भिजवून धुतलेलं सी मॉस जाड बुडाच्या पातेल्यात पाण्यासह मंद आचेवर १५ ते २० मिनिटं ठेवा. खळखळ उकळायचं नाही, कडेनं बुडबुडे आले की पुरे. अधूनमधून ढवळा, बुडाला लागतं. पाणी बोटाला चिकट लागायला लागलं की उतरवा.

आता थांबायचं. हाताला सोसेल इतपत कोमट झालं की मिक्सरला लावा. मी पहिल्यांदा घाईत वाफाळतं मिश्रण चटणीच्या भांड्यात घातलं. झाकण उडून जेल छताला लागलं, आणि छताला लागलेलं जेल पुसून निघत नाही, खरवडावं लागतं. पण अगदी गारही होऊ देऊ नका, पातेल्यातच गोळा होतो. मोठं भांडं, निम्मंच भरायचं, दोन मिनिटं फिरवायचं. फारच मऊ हवं असेल तर मलमलच्या फडक्यातून गाळा.

उकळत्या पाण्यातून काढलेल्या, कोरड्या काचेच्या बरणीत ओता, लिंबू सगळ्यात शेवटी घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा. चार तासांत धरतं.

८. न शिजवता नुसतं भिजवून वाटलं तर चालतं ना? शिजवलं की सत्त्व जातं म्हणतात.

होतं, पण ते खरं तर जेल नसून फुगलेल्या शैवालाचं वाटण असतं. कॅराजीनन नीट विरघळायला उष्णता लागते. शिजवल्याने काही जीवनसत्त्वं कमी होतात हे खरं, पण जीवनसत्त्वांसाठी कुणी सी मॉस खात नाही. त्यासाठी मेथी आहे, शेवगा आहे. उलट शिजवल्याने समुद्रातून आणि वाळवणाच्या जागेवरून आलेले जंतू मरतात. मी कायम शिजवते.

९. सगळं केलं तरी घट्ट झालं नाही. ताकासारखं पातळ राहिलं.

यावर सगळ्यात जास्त फोन येतात. पाणी जास्त झालं हे कारण सगळ्यात साधं. परत पातेल्यात घालून मंद आचेवर आटवा, बहुतेक वेळा जमतं.

दुसरं कारण लिंबू. गरम असतानाच आंबट घातलं तर आम्लाने कॅराजीननच्या लांब साखळ्या तुटतात आणि मग ते धरत नाही. हे झालं असेल तर आटवूनही फायदा नाही, ते आमटीत घालून संपवा.

तिसरं कारण जातीचं. दोरेदार ग्रॅसिलारिया असेल तर त्यात कॅराजीनन नसून अगार असतं. ते मंद आचेवर सुटत नाही, चांगलं उकळावं लागतं.

चौथं, जेल कडक होणं की लवचीक राहणं हेही जातीवर ठरतं. कप्पाफायकसचं जेल कडक आणि ठिसूळ, पोटॅशियम मिळालं की आणखी घट्ट. युकेमाच्या काही जातींचं मऊ, लवचीक, त्याला कॅल्शियम मानवतं. म्हणून बोअरच्या जड पाण्यात आणि आरओच्या पाण्यात एकाच पाकिटाचं जेल जरा वेगळं झालं तर गोंधळू नका. शेजारणीसारखं घट्ट झालं नाही म्हणून दोघींची पाकिटं एकच होती का, हे आधी बघा.

१०. दुसऱ्या दिवशी वर पाणी सुटलं. खराब झालं का?

नाही. दह्याला सुटतं तसंच. ढवळून घ्या. पाण्याला वास किंवा फेस असेल तर मात्र १२ पाहा.

११. समुद्राचा वास येतो, नवरा जवळ येऊ देत नाही.

धुणं कमी पडलंय. शेवटच्या भिजवणीच्या पाण्यात लिंबाच्या फोडी टाका, शिजवताना आल्याचा तुकडा घाला. तरीही थोडा वास राहतोच. विलायची-जायफळ घातलेल्या दुधात तो मला जाणवत नाही, नुसत्या पाण्यात जाणवतो. सुकटाचा वास चालणाऱ्या घरात या वासाची एवढी तक्रार का होते, हे मला कळलेलं नाही.

१२. किती दिवस टिकतं? आणि वळवात लाइट गेली तर?

फ्रीजमध्ये दोन आठवडे धरा. व्हिडिओत महिनाभर सांगतात, पण दिवसातून दहा वेळा उघडल्या जाणाऱ्या आपल्या फ्रीजमध्ये ते मला पटत नाही. दर वेळी कोरडा, स्वच्छ चमचा. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या करून गोठवा, तीन महिने चालतं. वितळल्यावर थोडं रवाळ होतं, दुधात कळत नाही.

आंबूस वास, फेस, गुलाबी किंवा काळे ठिपके दिसले की अख्खी बरणी टाकायची. वरचं काढून खालचं खायचं नाही, बुरशीची मुळं आत गेलेली असतात. लाइट चार तासांपेक्षा जास्त गेली आणि फ्रीज गार राहिला नसेल तरीही टाका.

लोणच्यासारखं हवाबंद करून फळीवर ठेवायचा विचारसुद्धा करू नका. लोणच्याला मीठ, तेल आणि आंबटपणा राखतो. या जेलमध्ये पाणी भरपूर, आंबटपणा जेमतेम आणि हवा नाही. अशा ठिकाणी वाढणारे जंतू वाससुद्धा येऊ देत नाहीत.

१३. रोज किती घ्यायचं?

पहिला आठवडा एक चहाचा चमचा. पोट फुगलं नाही तर पुढे एक पोह्याचा चमचा, तोही रोज नको, आठवड्यातून तीन-चारदा. यात चिकट तंतू भरपूर असतात, एकदम वाटीभर घेतलं की पोट बिघडतं. वरून पाणी प्या.

१४. यात ९२ खनिजं असतात म्हणे. शरीराला १०२ लागतात, त्यातली ९२ यातूनच!

हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी पाठवतंच. निसर्गात सापडणारी मूलद्रव्यंच मुळात नव्वदच्या आसपास आहेत, आणि त्यात शिसं, पारा, आर्सेनिक, युरेनियमही मोजलेलं असतं. शरीराला १०२ खनिजं लागत नाहीत, वीस-पंचवीसांवर भागतं. सी मॉसमध्ये आयोडीन, मॅग्नेशियम, पोटॅशियम, थोडं लोह आहे हे खरं. पण एक चमचा जेल म्हणजे बहुतांश पाणी, त्यातून मिळणार किती? नाचणीच्या एका भाकरीतून मिळणारं कॅल्शियम त्या चमच्यात नाही. बी-१२ साठीही यावर विसंबू नका. वजन उतरणं, केस वाढणं, सांधे सुटणं यांबद्दल भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात नाही. मी हे करते ते त्याच्या पोतासाठी.

१५. थायरॉईडची गोळी चालू आहे. शेवाळात आयोडीन असतं, म्हणजे चांगलंच ना?

हे उत्तर सावकाश वाचा. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. आपल्या मिठाच्या पुडीत घरी पोहोचेपर्यंत किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे १० ग्रॅम मिठात तेवढे १५० मायक्रोग्रॅम येतात. कोल्हापुरी घरात दिवसाला तेवढं मीठ सहज जातं. थोडक्यात, आपलं भांडं आधीच भरलेलं आहे. सी मॉसमधलं आयोडीन जात, समुद्र आणि हंगामाप्रमाणे खूप कमी-जास्त होतं, पुडीवरून कळत नाही. जास्त झालेलं आयोडीन थायरॉईडला दोन्ही बाजूंनी बिघडवू शकतं, कुणाचा कमी चालतो, कुणाचा जास्त. म्हणून थायरॉईडचा कुठलाही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चमचाही नाही. त्यांनी हो म्हटलंच, तर सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळीबरोबर कधीही नको.

यात एक अपवाद विचारला जातो : 'आम्ही फक्त सैंधव वापरतो, मग आम्हाला आयोडीन कमी पडत असेल ना?' पडत असेल, शक्य आहे. पण त्यावर उपाय मोजता येणाऱ्या आयोडीनयुक्त मिठाचा. दर पाकिटाला बदलणारं शेवाळ हा उपाय नव्हे.

१६. गरोदरपणात, बाळंतिणीला, लहान मुलांना?

नाही, नाही आणि नाही. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आहे. लहान मुलांना आयोडीन सोसायची मर्यादा मोठ्यांपेक्षा फार कमी असते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पोटॅशियममुळे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वामुळे आधी डॉक्टरांना विचारावं.

१७. कॅराजीनन आतड्याला घातक असतं असं वाचलं. आणि तुम्ही तेच खायला सांगता?

दोन गोष्टींची सरमिसळ होते. तीव्र आम्लात तोडलेलं कॅराजीनन वेगळं, त्याने प्रयोगातल्या प्राण्यांच्या आतड्याला जखमा झाल्या आणि ते खाण्यात वापरत नाहीत. खाण्यातलं कॅराजीनन मान्यताप्राप्त आहे. चॉकलेट दुधाच्या किंवा आइस्क्रीमच्या डब्यावर '४०७' हा आकडा दिसला तर तेच ते, आणि '४०६' म्हणजे अगार. म्हणजे तुम्ही ते खातच होतात. तरी आतड्याला सूज येण्याचा जुना आजार असेल तर मी टाळायलाच सांगेन.

१८. उपवासाला चालतं का? आणि शाकाहारी आहे ना नक्की?

शैवाल हा प्राणी नाही, त्यामुळे शाकाहारीच. पण निवडताना इवले शंख, कवचं सापडतात, म्हणून कडक पाळणाऱ्यांनी ६ मधलं निवडणं मनापासून करावं. कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर नकोच. उपवासाचं म्हणाल तर आमच्या सासूबाईंचा निकाल असा : 'साबुदाणा चालतो तर हे का नाही?' तुमच्या घरचा निकाल तुमच्या सासूबाईंकडून घ्या. जैन घरांत शेवाळ वर्ज्य मानणारे बरेच आहेत, तिथं पाहुण्यांना वाढण्याआधी सांगा. मी हळदीकुंकवाला न सांगता ठेवलं, ही माझी चूकच झाली.

१९. नुसतं गिळवत नाही. कशात घालू?

दुधात. कॅराजीनन दुधातल्या प्रथिनांना धरतं, त्यामुळे पाण्यापेक्षा कमी मात्रेत दूध जमतं. गंगावेशच्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दाट दूध असेल तर बोलायलाच नको. खरं आयरिश मॉस मिळालं तर जेल न करता थेट करा : एक लिटर दुधात ८ ते १० ग्रॅम, भिजवून धुतलेलं, मंद आचेवर वीस मिनिटं, मग गाळून वाट्यांत. गोडीला गूळ हवा असेल तर दूध कोमट झाल्यावर घाला. गरम दुधात गूळ पडला की दूध फाटतं, आणि त्याचा दोष लोक सी मॉसला देतात.

नाचणीच्या आंबिलीत, आमरसात चमचाभर छान मिसळतं. पांढऱ्या रश्श्याला दाटपणा आणायला एका भावाने घातलं होतं. दाट झाला, पण ताटात गार झाल्यावर थरथरायला लागला. पांढऱ्या रश्श्याला खसखस, काजू, नारळ आहे. त्याला हात लावू नका.

२०. आमच्या उसावर फवारायला कृषी सेवा केंद्रातून 'सीवीड' आणतो. तेच का हे?

भाऊबंद आहेत. त्या बाटलीतला अर्कही समुद्री शैवालाचाच, काही वेळा कप्पाफायकसचाच. पण तो पिकासाठी केलेला, त्यात टिकवायला आणखी काही घातलेलं असतं. खायचा नाही. हे विचारणाऱ्याने 'स्वस्त पडतं' असं कारण दिलं होतं.

२१. चेहऱ्याला लावलं तर?

वीस मिनिटं ताणल्यासारखं वाटतं, धुतल्यावर मऊ वाटतं. आधी कोपराच्या आत लावून बघा. लिंबू घातलेलं लावू नका.

२२. बचत गटातून विकायचं म्हणतोय. परवानगी लागते का?

लागते. घरून विकलं तरी एफएसएसएआयची नोंदणी हवी. १२ मधली टिकण्याची अडचण इथं दसपट होते, कारण गिऱ्हाईक बरणी घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवेल याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही. लेबलवर तयार केल्याची तारीख आणि थायरॉईडची सूचना ठळक लिहा. 'अमुक आजार बरा होतो' असं लिहिणं बेकायदा आहे. मला विचाराल तर सुरुवात भडंग आणि शेंगदाणा चटणीपासून करा.

२३. बिघडलेलं जेल बेसिनमध्ये ओतलं आणि पाणी तुंबलं. आता?

ते पाइपात जाऊन धरलंय. कढत पाणी दोन-तीनदा ओता, बहुतेक वेळा विरघळून जातं. अगारवालं असेल तर प्लंबर बोलवा. पुढच्या वेळी कुंड्यांत टाका, पण थोडं थोडं आणि मातीखाली, नाहीतर मुंग्यांच्या आधी शेजारचं मांजर येतं.